चार बोटं काठ

माझ्या मुलीला पोहता येत नाही, आणि येत्या मंगळवारी ती अठरा टनांच्या लोखंडी गाडीत बसून वाहत्या नदीत उतरणार आहे. हे तिनं मला फोनवर सांगितलं, आज भाजी काय केली आणि बरं ठेवते, या दोन वाक्यांच्या मधे. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. दुकानात एका बाईंना मोरपंखी साडी दाखवली आणि पुडक्यात हळदी रंगाची बांधून दिली. त्या अर्ध्या रस्त्यातून परत आल्या. "रीताताई, बरं नाही का?" म्हणाल्या. मी म्हटलं, झोप झाली नाही. ते खोटं नव्हतं. आत्ताही घरात सगळे झोपलेत आणि मी ही वही घेऊन बसले आहे. पण काळजी लिहायची तर जिची काळजी आहे ती कोण, हे आधी लिहायला हवं.

अपेक्षा आमची एकुलती एक. वय एकोणतीस. शाळा इथंच पवनीत, इंजिनीअरिंग नागपुरात, आणि गेली सहा वर्षं नोकरी पुण्याकडच्या एका कंपनीत. कंपनीचं नाव लिहीत नाही. आकडे तिनं मलाही गोल करूनच सांगितले, ते तसेच लिहिते. ही कंपनी पायदळासाठी नवी चिलखती गाडी तयार करते आहे. दिसायला रणगाड्याची धाकटी बहीण. चाकांवर लोखंडी पट्टे, वर तोफेचा छोटा बुरूज, मागे एक जाड दार आणि आत आठ जवानांना बसायला आठ जागा. वाटेत नदी आली तर पूल शोधत बसायचं नाही, गाडीनं तशीच पाण्यात उतरून पलीकडे निघायचं.

अपेक्षाचं काम वजनाचं. शेजारच्या शकुबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे लाखनीले हायवेवर ट्रक मोजाचा धरमकाटा आहे, तसं का वो?" मी म्हटलं, जवळपास तसंच. त्या म्हणाल्या, "मंग एवढं शिकून कायले गेली?"

खरं काम असं. गाडीत जे जे बसतं, अगदी खिळ्यापासून तोफेपर्यंत, त्याचं वजन तिच्या नोंदीत लागतं. तिच्या सहीशिवाय गाडीवर रंगाचा एक हातही वाढत नाही. ऑफिसात तिला 'काटा मॅडम' म्हणतात. पहिल्या वर्षी ती यावर रडली होती. दुसऱ्या वर्षी तिनं स्वतःच तो शब्द कपावर छापून घेतला.

या कामात कुणी मुद्दाम चुकीचं मागत नाही, हेच अवघड. चिलखत जाड केलं तर गोळी थांबते, पण गाडी पाण्यात खोल बसते. पातळ केलं तर गाडी छान तरंगते आणि गोळी आत येते. खाली सुरुंग फुटला तर आतली माणसं वाचावीत म्हणून पोटाला दुहेरी पत्रा हवा. तो आला की इंजिन मोठं हवं, मोठ्या इंजिनाला डिझेल जास्त, आणि डिझेललाही वजन असतंच. बुरुजावर मोठी तोफ ठेवली तर वजन वर जातं, आणि वरून जड झालेली वस्तू पाण्यात कलंडायला बघते. "आई, समोरचा प्रत्येक माणूस खरं बोलून राहिला असते," ती एकदा म्हणाली. "मले फक्त सगळ्यांची बेरीज करा लागते."

ही बेरीज ती कुठं शिकली ते मला माहीत आहे. मी तिथंच होते.

ती नऊ वर्षांची होती. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. माझी नणंद वैनगंगेच्या पलीकडच्या गावात राहायची, आणि तिच्या गावच्या मंडईला आम्ही डोंग्यानं निघालो होतो. डोंगा घाटावरच्या नावाडी श्यामरावांचा. त्या दिवशी गर्दी फार. तांदळाचे कट्टे, दंडारीचं नाटक करणाऱ्यांचा भोंगा आणि बॅटऱ्या, एका व्यापाऱ्यानं भरलेली भांड्यांची पोती, आणि मंडईत विकायला आम्ही घेतलेलं साड्यांचं गाठोडं. सगळे बसल्यावर श्यामरावांनी डोंग्याच्या बाहेरच्या अंगाला, पाण्यापासून काठापर्यंत, आडवा हात लावून पाहिला. चार बोटं मावायला हवी होती. तीनच मावली.

"एक बोट कमी आहे," ते म्हणाले. "माल उतरवा."

तो भांडीवाला म्हणाला, "मालाले काहून हात लावता? ते पोरगी अन् तिचा बाप दुसऱ्या खेपेले येतीन ना."

श्यामराव म्हणाले, "माल उतरते. माणूस नाही उतरत." आणि त्यांनी एक कट्टा, दोन बॅटऱ्या, भांड्यांचं एक पोतं आणि आमचं गाठोडं काठावर ठेवलं. मग भांडीवाला हळूच उतरायला लागला, म्हणाला, मी मालाजवळ थांबतो. श्यामरावांनी त्याचा खांदा दाबून खाली बसवलं. "तू भरला ना डोंगा? मंग बस. जो भरते तो आधी बसते." हा त्यांच्या घाटावरचा रिवाज आहे. भरणारा स्वतः बसणार असला की जास्त भरत नाही.

मधे नदीत अपेक्षानं उठून विचारलं, "श्यामकाका, चारच काहून?"

श्यामरावांनी वल्हं न थांबवता बोटं मोजली. "हे वाऱ्याचं. हे लाटेचं. हे तुह्यासारखी एखादी उठून उभी राहिली तर, तिचं. अन् हे माह्या चुकीचं."

ती मुकाट खाली बसली आणि उरलेला सगळा वेळ आपली बोटं बघत राहिली.

उतरताना श्यामराव मला म्हणाले होते, "बाई, पोरगी पाण्याले भेत नाही. आठ दिवस पाठवा, पोहणं शिकवतो." मी म्हटलं, "पोरीच्या जातीनं नदीवर कायले जावं?" मी कॉलेजात शिकलेली, बी.ए. झालेली, आणि हेच बोलले. नदी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि घरात एकालाही पोहता येत नाही. आमचा पिढीजात धंदा कोशाच्या रेशमी साड्या विणायचा. माग खड्ड्यातला, विणणाऱ्याचे पाय दिवसभर त्या खड्ड्यात. श्यामराव चिडवायचे, "तुमचे पाय खड्ड्यात, आमचे पाण्यात. तुम्हाले कोण बुडवते?" मी हसून नाही म्हटलं. त्या नाहीचं वजन वीस वर्षांनी असं अंगावर येईल हे तेव्हा कळलं नाही.

आता गाडीची गोष्ट.

गाडीच्या दोन्ही कुशींना एक लाल पट्टी रंगवलेली असते. पाणी पट्टीला लागता कामा नये. पट्टीच्या खाली किती जागा मोकळी राहायला हवी ते कागदावर सेंटिमीटरमध्ये ठरलेलं होतं, आणि तो आकडा अपेक्षानं पहिल्यांदा वाचला तेव्हा तिनं टेबलाखाली आपला हात आडवा धरून पाहिला. बरोबर चार बोटं. तिनं हिशेब मांडला, चारशे किलो वाढले की गाडी एक बोट खाली जाते. तिच्या नोंदवहीत यंत्रांचे आकडे एका रकान्यात असतात, आणि कडेला पेन्सिलीनं एक बारका रकाना असतो. त्याचं नाव 'बोटं'.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी पोटाचा दुहेरी पत्रा पक्का झाला, बाजूचं चिलखतही वाढलं, आणि पेन्सिलीच्या रकान्यात तीन आलं.

दिवाळीनंतर मोठी बैठक झाली. तोफेचे लोक म्हणाले, आमच्याकडून एक किलो निघणार नाही. चिलखताचे लोक म्हणाले, आमच्याकडून काढाल तर जवानाच्या आईला उत्तर तुम्ही द्या. इंजिनवाल्यांनी आधीच दोनदा वजन कमी करून दिलं होतं. शेवटी तिचे साहेब, धनंजय सर, उठले आणि फळ्यावरच्या चित्रातली एक खुर्ची त्यांनी पुसली. आठवी. एक जवान, त्याची बंदूक आणि पाठीवरची पिशवी, त्याची खुर्ची, त्या खुर्चीपुरती गाडीची लांबी आणि त्या लांबीवरचं चिलखत. चारशे किलो. एक बोट.

धनंजय सर वाईट माणूस नाहीत, हे अपेक्षानं मला तीनदा सांगितलं आहे. वेळ संपत आली होती, आणि सगळ्यांना घरी जाता येईल असा तो एकच उपाय होता. सैन्याकडून आलेले कर्नलसाहेब वहीत लिहून घेत होते.

अपेक्षा म्हणाली, "सर, आठवा कुठे बसेल?"

"दुसऱ्या गाडीत."

"दुसऱ्या गाडीचीही आठवी जागा आपण काढतोच आहोत ना, सर."

धनंजय सरांनी खडू खाली ठेवला. "काटा मॅडम, तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत. चारशे किलो आणा, नाहीतर खुर्ची गेली."

त्या पंधरा दिवसांतले चार दिवस ती इथं आली, मंडईसाठी म्हणून. मंडईला गेलीच नाही. मागच्या पडवीत तिचे बाबा जड काठाची साडी विणत होते, ती त्यांच्याजवळ गोणपाटावर बसून राहिली. कागदांवर कागद. मी चहा नेऊन ठेवायचे, तो गार झाला की परत आणायचे.

चौथ्या दिवशी तिनं मान वर केली. "बाबा, तुम्ही इथं बुटी काहून नाही टाकली?"

माझे यजमान भूपेंद्र कमी बोलतात. ते म्हणाले, "हा भाग कंबरेले खोसते. झाकूनच राहते. तिथं बुटी कायले?"

"पण धागा तर तोच आहे."

"धागा तोच. पण बुटी टाकली तर वजन वाढते, अन् पाहाले कोणी येत नाही. काठ जड घेतला ना, मंग अंगातून कुठंतरी उतरवा लागते. पदरातून उतरवलं तर गिऱ्हाईक शिव्या देते. म्हणून जिथं साडीवर साडी येते तिथून उतरवतो."

अपेक्षा म्हणाली, "जिथं साडीवर साडी येते."

"हो."

"बाबा, पुन्हा म्हणा बरं."

"आता काय गाणं म्हणू का?" ते म्हणाले आणि धोटा फेकला. तिनं जेवण केलं नाही. रात्रीच्या गाडीनं जाते म्हणत सामान भरायला घेतलं.

तिला जे दिसलं होतं ते असं. गाडीच्या बाजूला मोठी पोलादी चाकं असतात, चाकांवर पट्टा, पट्ट्यावर झाकण. काही ठिकाणी बॅटरीच्या पेट्या, काही ठिकाणी गाडी तरंगावी म्हणून बसवलेले पोकळ डबे. म्हणजे गोळीला आत यायचं तर काही जागी तिला आधी तीन वस्तू फोडून यावं लागतं, आणि तरीही त्या सगळ्यांच्या मागे चिलखत पूर्ण जाडीचं होतं. चित्र काढताना सगळीकडे एकच जाडी धरली होती, कारण तसं काढणं सोपं. साडीवर साडी. तिनं अशा एकवीस जागा काढल्या. तिथलं चिलखत उतरवून तिनं बेरीज केली, ती आली चारशे तीस.

चिलखताचे लोक आधी रागावले. मग त्यांनी सरळ सांगितलं, बोलून काही होत नाही, मारून पाहू. गोळीबाराच्या मैदानावर त्या एकवीस जागांचे तुकडे चाकं, पेट्या, डबे लावून उभे केले आणि दोन दिवस मारले. एकोणीस टिकले. दोन ठिकाणी गोळी आत गेली, तिथं अपेक्षानं स्वतः जुनी जाडी परत लिहिली. हातात राहिले चारशे दहा किलो. तिनं मला फोन केला, "आई, बाबांले सांग, बुटी उतरली." मी सांगितलं. ते म्हणाले, "कोणती बुटी?" त्यांना आठवतच नव्हतं.

आता फक्त पाण्यात उतरायचं राहिलं होतं. कागदावर चार बोटं आली तरी गाडी कागदावर तरंगत नाही. फेब्रुवारीत एका मोठ्या तलावात चाचणी ठरली, आणि असंही ठरलं की पाण्यात चार बोटं दिसली तर आठवी जागा कायम, नाही तर खुर्ची जाणार. अपेक्षानं त्यातही आपली अट घातली. गाडी आधी चिखलातून न्यायची, पट्ट्यात अडकेल तितका चिखल अडकू द्यायचा, आणि जवानांनी ओल्या बुटांनी, भिजलेल्या पिशव्या घेऊन बसायचं. धनंजय सर म्हणाले, "स्वतःचंच वजन वाढवून घेणारं पहिलं माणूस पाहतोय मी." ती म्हणाली, "सर, आमच्या तुमसरच्या बाजारात धान घेताना आधी ओलावा पाहतात. कोरडं समजून ओलं घेतलं तर पुढे घेणाऱ्याच्याच मालाचं वजन घटतं."

आठवडाभर आधी कर्नलसाहेबांचा तिला फोन आला. ते उत्तरेकडचे, त्यांच्याशी बोलणं हिंदीत. त्यांनी विचारलं, "मैडम, ट्रायल के लिए आपकी तरफ़ से क्या ज़रूरत है?"

आमची पोरगी आपल्या पवनीच्या हिंदीत म्हणाली, "सर, कम से कम चार बोट तो चाहिए. तीन में मैं साइन नहीं करूँगी."

मग ते म्हणाले, "चार? ठीक है. मिल जाएँगी."

मिळतील म्हणजे काय, हे तिला तेव्हा कळलं नाही. साहेबांचा आपल्या कामावर विश्वास आहे असं तिनं समजून घेतलं.

चाचणीच्या सकाळी ती तलावावर पोचली तर काठाला ओळीनं चार मोटारबोटी उभ्या. प्रत्येकीत दोन-दोन पट्टीचे पोहणारे, दोऱ्या, तरंगत्या रबरी चकत्या. एवढी जय्यत तयारी कुणी पाहिली नव्हती. कर्नलसाहेब पुढे आले, म्हणाले, "मैडम, आपने चार बोट बोला था. दो तो हमें दूसरी यूनिट से मँगवानी पड़ी."

हे मला तिची मैत्रीण मोनिकानं सांगितलं. ती त्याच खात्यात आहे. ती म्हणाली, "काकू, अपेक्षा लाल झाली. हात वर करून बोटं दाखवायला लागली. सर, ये वाला बोट. साहेबांना वाटलं ती पुन्हा चारच म्हणते आहे. ते म्हणाले, हाँ हाँ, चार ही हैं." धनंजय सर, जे बैठकीत कधी हसत नाहीत, ते गाडीला धरून हसले. तिची तरी काय चूक. आमच्याकडे पाण्यावर चालतो तो डोंगा. बोट हाताला असतं.

शेवटी कर्नलसाहेबांना उलगडा झाला. ते म्हणाले, आता आल्या आहेत तर राहू द्या.

जवान बसायला लागले. सातजण बसले. आठव्या जागेवर वाळूची पोती ठेवायचं ठरलं होतं, कारण त्या सकाळी एक जवान तापानं पडला होता. अपेक्षानं डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि म्हणाली, "ही जागा मी भरली आहे, मीच बसते." धनंजय सर नको म्हणाले. ती म्हणाली, "सर, आमच्या घाटावर जो भरतो तो आधी बसतो." मग प्रश्न आला वजनाचा. ती एकोणपन्नास किलोची. सामानासकट जवानाच्या बरोबरीला यावी म्हणून तिच्या मांडीवर आणि पायाशी वाळूच्या पिशव्या रचल्या. मोनिका म्हणाली, "काकू, तिचं फक्त नाक दिसत होतं."

पोहता येतं का, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दार लागलं. गाडी चिखलातून गेली, उतारावरून खाली आली आणि तिचं नाक पाण्यात शिरलं. मोनिका एका बोटीत होती. पाणी वर वर चढत गेलं, लाल पट्टीकडे. मग मागची बाजूही पाण्यात आली, गाडी एकदा पुढे झुकली, एकदा मागे, आणि सावकाश सरळ होऊन तरंगायला लागली. मोनिकाची बोट जवळ गेली. मोजायला पट्ट्या होत्या, यंत्रं होती, ती सगळी लावलीच. पण त्याआधी मोनिकानं हात पुढे केला, पाण्यापासून लाल पट्टीपर्यंत आपली बोटं आडवी लावली, आणि काठाकडे तोंड करून ओरडली, "चार आणि वर थोडं."

गाडी तलाव ओलांडून गेली, वळली आणि परत आली. एकोणीस मिनिटं. मागचं दार उघडलं तेव्हा आत एक थेंब नव्हता. कर्नलसाहेब दाराशी जाऊन उभे राहिले आणि एकेक जवान उतरताना मोजत गेले, मोठ्यानं. सात झाल्यावर थांबले. वाळूच्या पिशव्या बाजूला सारत आमची अपेक्षा बाहेर आली, तेव्हा म्हणाले, "आठ." कागदावर सही त्यांनी तिथंच, चिखलाच्या पट्ट्यावर फाइल ठेवून केली. आता आराखड्यात आठवी खुर्ची शाईनं आहे.

मला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं फोनवर एवढंच सांगितलं, "चांगलं झालं, आई." पुढच्या आठवड्यात कंपनीनं स्वतःच एक छोटी चित्रफीत बाहेर दिली, पाऊण मिनिटाची. मोनिकानं ती मला पाठवली. मी दुकानात पाहत होते. गाडी पाण्यातून वर येते, दार उघडतं, जवान उतरतात. शेवटी एक बुटका जवान हेल्मेट सावरत उतरतो आणि डावा पाय थोडा बाहेर टाकत चालतो. तो पाय मी ओळखते. चालायला शिकली तेव्हापासून तो तसाच पडतो.

मी मोनिकाला फोन केला आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

भूपेंद्रांनी ती फीत त्या दिवशी बावीस वेळा पाहिली असेल. साडी घ्यायला आलेल्या माणसाला आधी फीत, मग साडी. संध्याकाळी ते माझा फोन घेऊन थेट घाटावर श्यामरावांकडे गेले. मीही गेले. श्यामराव आता सत्तरीचे, डोंगा मुलगा चालवतो. त्यांनी फोन डोळ्यांशी धरला, मग लांब धरला. गाडी, तोफ, झेंडा, काही पाहिलं नाही. "थांबवा," म्हणाले. चित्र थांबवलं. त्यांनी पडद्यावर, पाणी आणि लाल पट्टी यांच्या मधे, नख लावलं आणि बराच वेळ पाहिलं.

"चार आहेत," ते म्हणाले. "चाराच्या वर आहे थोडं. कोणं भरलं हे?"

भूपेंद्र म्हणाले, "अपेक्षानं."

"अन् बसली?"

"बसली."

श्यामरावांनी फोन परत दिला. "मंग पोहणं शिकवा लागते तिले. मी तेव्हाच म्हणलो होतो, बाईनं ऐकलं नाही."

भूपेंद्रांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मे महिन्यात सुट्टी घेऊन येऊन राहिली. पाठवते. आठ दिवस."

"आता मोठी झाली, पंधरा लागतीन," श्यामराव म्हणाले.

महिना झाला त्याला. गल्लीत आमचा मान वाढला आहे. शकुबाई आता सांगतात, "पोरगी मिलिटरीचा काटा सांभाळते." मी अडवत नाही. तिच्या शाळेतल्या बाईंनी मुलींसमोर बोलायला तिला बोलावलं आहे. रकान्याचं नाव 'बोटं' असलेलं ते पान कर्नलसाहेबांनी मागून घेतलं, असं मोनिका सांगते. हे सगळं लिहिताना माझा हात भरभर चालतो. पण मंगळवार येऊन ठेपला आहे.

तलावातलं पाणी उभं होतं. मंगळवारी धरणाखालच्या वाहत्या पात्रात उतरायचं आहे, आणि आठव्या जागेवर तीच बसणार आहे. तिथं आता तापातून उठलेला जवानही बसू शकतो. मी विचारलं, "काहून बसते मंग?" ती म्हणाली, "गाडी पहिल्यांदा वाहत्या पाण्यात जाऊन राहिली आई, भरलेली तर माहीच आहे ना." नऊ वर्षांची असताना तिच्यासमोर जे घडलं ते मीही पाहिलं होतं, आणि तेव्हा ते मला बरोबरच वाटलं होतं. भांडीवाल्याला श्यामरावांनी खाली बसवलं तेव्हा मी मनातून खूश झाले होते.

म्हणून बसू नको असं मी म्हणणार नाही. ते मी मघाशीच ठरवलं होतं, पण तरी झोप येईना. का येईना, ते आता हे लिहिता लिहिता सापडलं. फोन ठेवता ठेवता ती हसत म्हणाली होती, "अन् आई, या वेळी साहेबांची चूक नाही होणार. त्यांनी लिहूनच घेतलं, बोट म्हणजे उंगली. आता एकच मोटारबोट येऊन राहिली, नियमाप्रमाणे." मी पण तेव्हा हसले होते.

एक. वाहत्या पाण्याला.

पोहणं पंधरा दिवसांत येईल, पण मंगळवार चार दिवसांवर आहे. श्यामरावांची चार बोटं मी आत्ता मोजली. वारा, लाट, उठून उभी राहणारी पोरगी, आणि चूक. तिसरं आणि चौथं बोट आमच्याच घरचं आहे. गाडीचं तिनं पुरेपूर पाहिलं आहे, त्यात मी बोलणार नाही. काठावर काय उभं राहावं, एवढंच मी बोलणार आहे.

ती सहाला उठते. सहाला फोन करायचा. पोहता येत नाही हे आधी कर्नलसाहेबांना सांग, हे पहिलं सांगणार. आणि ते सांगायला लाज वाटत असेल तर दुसरं सांगणार, की त्यांना फोन लाव, आणि समजावून वगैरे काही सांगू नको. तुझ्या त्याच पवनीच्या हिंदीत, मागच्या वेळी बोलली होतीस तसंच बोल, आणि त्यांनी उंगली धरलं तर एवढंच म्हण, या वेळी पाण्यावरची. सर, कम से कम चार बोट तो चाहिए.